ठकूबाईचे तीन खळगे

ऐका हो, आणि मधे मधे बोलू नका! फार वर्षांपूर्वीची, माझ्या पणजीची पणजी दुडूदुडू धावत होती तेव्हाची ही गोष्ट. बोरमाळ नावाची धनगरांची वाडी होती. तिथे ठकूबाई राहायची. घरात तिला माणूस असं कोणी नव्हतं. होता तो तांबड्या, तिचा पंधरा वर्षांचा कुत्रा, तोंडात एकही दात नसलेला.

वाडीची रीत अशी, की सगळ्या कुत्र्यांना संध्याकाळी एकाच दगडी डोणीत खायला टाकायचं. पिल्लाला कडक भाकरी, म्हाताऱ्यालाही तीच. मग काय! दांडगे कुत्रे सगळं मटकावून मोकळे, पिल्लं पोट दुखून कुंई कुंई करायची आणि म्हातारे नुसती डोण चाटायचे. राखण जमेनाशी झाली, की कुत्रं ओढ्यापलीकडे हाकलायचं. पलीकडे लांडगे होते. तिकडून कुठलंच कुत्रं परत आलं नाही.

चैत्रात वाडीचा कारभारी मायाप्पा ठकूबाईच्या दारात आला. "वहिनी, तांबड्या आता राखणीचा राहिला नाही. उद्या त्याला पलीकडे सोडा."

ठकूबाई गप्प बसतेय होय? "भावजी, दात तर तुमचेही पडले. तुम्ही कधी निघताय?"

सारी वाडी खो खो हसली. मायाप्पा लालबुंद झाला, "दिवाळीपर्यंत बघतो," म्हणाला आणि गेला.

ठकूबाईनं छिन्नी उचलली आणि वाडीच्या तोंडाशी असलेल्या कातळात तीन खळगे खोदले. तिच्या हाताखाली कातळ लोण्यासारखा मऊ झाला, असं म्हणतात.

पहिला खळगा पिल्लांचा. त्यात शेळीच्या दुधात भिजवून कालवलेली भाकरी, थोडी थोडी, दिवसातून चारदा. दुसरा राखणदारांचा. रान तुडवून आले, की ताकभाकरी आणि जमलं तर मटणाचा तुकडा. पिल्लांना पाजणारी कुत्री असली तर तिला दुप्पट. तिसरा म्हाताऱ्यांचा, त्यात बिनमिठाच्या पातळ आंबिलीत कुस्करलेली भाकरी, सकाळ-संध्याकाळ, बेताचीच. आणि काठी घेऊन ठकूबाई मधे उभी! "ए हावऱ्या, तुझा खळगा तो!" ती ओरडायची आणि कुत्री मुकाट्यानं रांग बदलायची, असं म्हणतात.

दिवाळी चार दिवसांवर आली. त्या सकाळी दाट धुकं पडलं. मेंढरं आणि राखणदार माळावर गेले होते. वाडीत कोकरं होती, चैत्रातली पिल्लं होती आणि तांबड्या होता. तेवढ्यात ओढा ओलांडून लांडगे आले. माणसांना धुक्यात काही दिसेना, पण तांबड्याचं नाक शाबूत होतं. तो उठला आणि असा भुंकला, की सात डोंगरांपलीकडे मेंढरांनी माना वर केल्या, असं म्हणतात. त्याच्यामागे पिल्लं धावली. पिल्लं कसली, एव्हाना वासरांएवढी झालेली! लांडगे शेपूट घालून जे पळाले, ते आजतागायत फिरकले नाहीत.

एकही कोकरू गेलं नाही. मायाप्पा कातळापाशी आला, खाली बसला आणि तिसऱ्या खळग्यात भाकरी कुस्करू लागला. "चुकलो, वहिनी."

"अजून कुस्करा, भावजी. गुठळी राहिलीय," ठकूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

ठकूबाई गेली, तांबड्याही गेला. खळगे आहेत. दिवाळीच्या पाडव्याला बोरमाळात आधी ते तिन्ही भरतात, मगच माणसं फराळाला बसतात. तिसरा खळगा वाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस भरतं. भाकरी कुस्करता कुस्करता ते म्हणतं, "ठकूबाई, आम्ही अजून इथंच आहोत गं!"

आणि सारी वाडी एका सुरात ओरडते, "मग राहा की!"