चुकलेली चाल

शिरवलीचे महाराज बुद्धिबळात कधी हरत नसत. मोहरं मरतंय असं दिसलं, की ते सरळ आपली चाल परत घेत आणि दरबार वाहवा करी. बारा वर्षं ही गंमत सोसून त्यांचे दरबारी खेळाडू भिकाजीपंत आठल्ये शेजारच्या निंबाळ संस्थानात निघून गेले आणि पुढं तीस वर्षं कुणाकडून हरले नाहीत.

म्हातारपणी महाराज निंबाळला पाहुणे म्हणून आले. भर दरबारात पंतांना पाहताच कडाडले, "आमचं मीठ खाऊन फितूर झालात! एक डाव मांडा. हरलात तर मुकाट्यानं आमच्याबरोबर चला."

"आणि जिंकलो तर?"

"तर पुन्हा फितूर म्हणणार नाही."

दहाव्या चालीला महाराजांचा वजीर कोंडीत सापडला. सवयीनं त्यांचा हात तो मागे घ्यायला गेला.

"खुशाल घ्या, महाराज," पंत म्हणाले. "पण चुकलेली चाल परत घेता येत असेल, तर मी फितूर कसला? आपल्या पदरी राहिलो ही माझी चुकलेली चाल, तेवढीच मी परत घेतली. आणि घेता येत नसेल, तर आपला वजीर मेला."

महाराजांचा हात वजिरावर थबकला. मग ते खदखदून हसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक डाव हरले.