सालोमीआत्याचा कोपरा

लई मागची गोष्ट आहे. आमच्या करंजठाणातल्या चर्चवर तेव्हा कौलंही नव्हती, गवताचं छप्पर होतं. त्या काळी इथं सालोमीआत्या राहायची. ख्रिस्ती घरांची आत्या आणि हिंदू घरांचीही आत्याच. ऐका, मधे बोलू नका. रडू आलं तर खुशाल रडा, सांगताना मलाही येतं.

तिचा नवरा शांतवन दिवेलागणीला मोठ्यानं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं ती करूनच सोडायची. एकदा त्यानं वाचलं की शेताचा कोपरा कापू नये, पडलेलं कणीस उचलू नये. ते परक्याचं, पोरक्याचं आणि विधवेचं. दुसऱ्या दिवशी ही बाई शेतात हजर! ओढ्याकडच्या कोपऱ्याला तिनं चार धोंडे लावले आणि म्हणाली, "हा आपला नाही."

शांतवन हसला. "अगं, एवढं मनावर घ्यायचं नसतं."

"मग वाचता कशाला?" आत्या म्हणाली.

पुढं शांतवन तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. आत्या एकटी शेत करू लागली, पण कोपरा दरवर्षी सोडायचीच. मग तो मोठा दुष्काळ आला. सगळ्यांची ज्वारी करपली, आत्याचीही करपली. दाणा भरला तो फक्त त्या चार धोंड्यांच्या आत, ओढ्याच्या ओलीवर.

सारं गाव तिथं सरवा वेचायला लोटलं. सरवा म्हणजे मालकानं मागं सोडलेली कणसं. आणि असं म्हणतात की दिवसभर कितीही कणसं खुडा, सकाळी कोपरा पुन्हा भरलेला. त्या कोपऱ्यावर करंजठाण जगलं.

शेजारची कोंडाई म्हणायची, "आत्या, तूही घे की चार कणसं."

"मी? अगं, दिलेलं कुणी परत घेतं का? माझी कणगी भरलीय."

कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. मग कोण कशाला विचारतंय! स्वतःचं पोट भरलं की माणसाला दुसऱ्याची भूक दिसत नाही.

आत्या वाळत गेली. लोक म्हणाले, नवऱ्याचा घोर लागलाय. एका रविवारी ती प्रार्थनेला आली नाही. कोंडाई बघायला गेली, तर आत्या जात्याला टेकून बसलेली, अंग गार. चुलीवरच्या गाडग्यात चिंचोके होते. बायांनी कणगी फोडली. आत नुसता भुसा, ज्वारीचा एक दाणा नाही. असं म्हणतात, त्याच दुपारी कोपऱ्यातली कणसं पोचट झाली.

मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी तेच वचन काढलं. परका म्हणाले, पोरका म्हणाले. मग विधवा म्हणाले आणि त्यांना पुढं वाचवेना. अरे देवा! तो कोपरा तिचाच होता की! वचन ऐकलं तेव्हा ती सवाशीण होती, तो शब्द तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. पुढं तो आपल्यालाही लागू झाला, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिला नाही कळलं, ठीक आहे. तिच्या जिवावर जेवणाऱ्या आम्हाला का कळू नये? कोंडाई तिथंच मातीत बसून म्हणाली, "मी रोज तिच्या दारावरून कणसं घेऊन जात होते गं."

आजही करंजठाणात कापणीला प्रत्येक शेताचा कोपरा सोडतात, घर कुठल्याही धर्माचं असो. पण एकदम कुणी आत शिरत नाही. आधी बाया घरोघर फिरतात. आता कणग्या गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या, तरी आमच्याकडं कोठीला कुणी कुलूप लावत नाही. शेजारीण न विचारता घरात येते, कोठीत खांद्यापर्यंत हात घालते, आणि तळाशी दाणा लागला नाही तर घरधनिणीचा हात धरून तिला सगळ्यांच्या आधी शेतात नेते, तिनं कितीही नको म्हटलं तरी.