बाबुलीचं गाऱ्हाणं

एका गावात एक भोळा पाडेली होता. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. नाव बाबुली. साठ फूट उंच माडावर तो सरसर चढायचा, पण खाली उतरला की त्याचं डोकं बहुतेक वरच राहायचं. त्याला जे सांगाल ते तो करी. तेवढंच करी, आणि तिथेच घोळ होई.

बाबुलीला गावातल्या धुरींची लेक इंदू फार आवडायची. दुसऱ्याच्या बागेत तो वीस माड तासाभरात उरकायचा. धुरींच्या चार माडांना मात्र त्याला दुपार व्हायची, कारण इंदू गूळपाणी घेऊन माडाखाली यायची. धुरींचीही फारशी ना नव्हती. आजकाल कोकणात इंजिनियर पैशाला पासरी मिळतात, पाडेली मिळत नाही. जावईच पाडेली असला तर बागेची चिंता मिटते, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. रविवारी मुलगी बघायला या, असा निरोपही त्यांनी धाडला.

त्याच आठवड्यात बाबुली एका मुंबईकर चाकरमान्याच्या बागेत चढला होता. खाली अंगणात चाकरमानी आपल्या कॉलेजातल्या मुलीला, सायलीला, फैलावर घेत होता. मोबाइल ठेव, लवकर ऊठ, अभ्यास कर. मुलीने नुसते खांदे उडवले आणि म्हणाली, "व्हॉटेव्हर." बाप गप्प झाला आणि चहा प्यायला आत गेला.

बाबुलीने हे माडावरून पाहिलं आणि थक्क झाला. त्याला जन्मभर सगळ्यांनी उपदेश केला होता, पण कुणाला गप्प कसं करायचं ते कुणीच शिकवलं नव्हतं. तो खाली उतरला.

"ह्यो शब्द कसलो गो?"

"व्हॉटेव्हर? म्हणजे तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, मला काही फरक पडत नाही," सायली म्हणाली. "समोरचा बोलतच सुटला ना, की म्हणायचं. खांदे असे उडवायचे. विषय संपतो."

बाबुलीने शब्द घोकला. खांदेही घोकले.

घरी जाताना वाटेत शेजारचा गंगाराम भेटला. त्याचा पाडा, म्हणजे नांगराला नुकताच जुंपलेला तरणा बैल, सकाळीच मेला होता. गंगाराम रडत सांगू लागला, "तीन दिस गवताक तोंड लावल्यान नाय रे. डॉक्टर बोलवन हाडलंय, अंगारो लावलंय. माझ्याकडे बघीत बघीत गेलो."

बाबुलीला वाईट वाटलं. पण गंगाराम बोलतच सुटला होता. बाबुलीने खांदे उडवले. "व्हॉटेव्हर."

गंगारामने हातातला कासरा त्याच्या पाठीवर ओढला. तो मुंबईला गिरणीत होता, त्याला इंग्रजी थोडं समजायचं.

आईने पाठीला तेल चोळता चोळता सगळं ऐकून घेतलं. "मेल्या, कोणाचा वाईट झाला असताना असा बोलतत? कोणाचा बरा चलला असात, थंय बोल."

"बरा, आये," बाबुली म्हणाला. आईचं त्याने आजवर कधी मोडलं नव्हतं. हेच त्या माउलीचं दुर्दैव.

रविवारी मायलेक धुरींकडे गेले. पोहे आले, चहा आला, इंदू आली. सगळं छान चाललं होतं. धुरींना लेकीचं कौतुक सांगायचा उत्साह आला. "आमच्या चेडवान बारावी केल्यान. शिवणाचो कोर्स केल्यान. तिच्या हातची सोलकढी पिऊक मालवणसून पावणे येतत."

बाबुली मनात मोजत होता. कुणाचं वाईट झालंय? नाही. बरं चाललंय? फारच बरं. समोरचा बोलत सुटलाय? सुटलाय. अशी बरोब्बर जागा पुन्हा मिळायची नाही.

"व्हॉटेव्हर," तो म्हणाला. खांदे असे उडवले की मांडीवरची पोह्यांची बशी पालथी झाली.

इंदू बारावी झालेली, तिला शब्द समजला. हसू दाबायला ती पदर तोंडात कोंबून आत पळाली. धुरी ताठ झाले.

"माका शब्द समजाक नाय," ते म्हणाले, "पण खांदे समजले."

आईने हातापाया पडून कसंबसं सावरलं. शेवटी धुरी म्हणाले, "आठ दिसांनी सोमवारी देवळात गाऱ्हाणा घालूया. चेडवाक सुखात ठेवतंय, असा तुमच्या झिलान देवाक तोंडान सांगूचा. सांगल्यान तर नारळ देवन लगीन ठरवतंय. नायतर कुडाळचो कंपाउंडर बघून गेलोच असा."

घरी येताच आईने कपाळ बडवून घेतलं. "आता माणसाक ह्यो शब्द बोललंस तर माझा मेला तोंड बघशीत. कोणाच माणसाक बोलूचा नाय. समाजला?"

"माणसाक नाय," बाबुली म्हणाला.

त्याने तो नियम प्राणापलीकडे पाळला. पोस्टमन पाऊण तास बोलला, बाबुली गप्प. गंगारामने शिव्या घातल्या, बाबुली गप्प. रात्री अंगणात कुत्रा भुंकत सुटला, तेव्हा मात्र बाबुलीने त्याला शब्द ऐकवला, कारण कुत्रा काही माणूस नव्हे. कुत्रा गप्प झाला. पोरगा सुधारला, असं आईला वाटलं.

सोमवारी सगळं गाव देवळात जमलं. धुरी नारळ घेऊन पुढे उभे, मागे इंदू. बाबुलीने नवा सदरा घातला होता. इंदू मिळाली नाही तर आपण माडावरून खाली उतरायचंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायचं साकडं, सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू बाबुली तुझ्या पायाशी उभो असा..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"तेचा लगीन धुरींच्या चेडवावांगडा ठरता हा..."

"व्हय म्हाराजा."

"काय वाईटवाकडा असात, ता दूर कर..."

"व्हय म्हाराजा."

असं अर्धा तास चाललं. देवाला पिढ्यांची हकिगत सांगून झाली. मग गुरव बाजूला सरकला आणि बाबुलीला थेट देवासमोर उभं केलं. "देव तुका इचारता, बाबुली. धुरींच्या चेडवाक जन्मभर सुखात ठेवशीत? देवाक सांग. आमका सांगा नको."

धुरींनी नारळ पुढे केला. आईने डोळे मिटले.

बाबुलीला भरून आलं. देव आपल्याशी बोलतोय, तोही अर्ध्या तासापासून. देवाला एखादा भारीतला शब्द द्यायला हवा. त्याने आईची शिकवण एकदा तपासून घेतली. कुणाचं वाईट झालेलं नाही. सगळं बरं चाललंय. आणि देव म्हणजे माणूस नव्हे.

त्याने देवाकडे पाहिलं, मनापासून खांदे उडवले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हॉटेव्हर."

धुरींचा हात नारळासकट मागे गेला. पण लोकांना थांबायचं कुठे सुचतंय? जन्माची सवय. सगळं गाव एका सुरात म्हणालं, "व्हय म्हाराजा."