पहिलं घावन कोणाचं?

"चुकणाऱ्या प्रयोगाला खजिन्यातून छदामही मिळणार नाही!" चंद्रकेतू महाराज गरजले.

समोर त्र्यंबकशास्त्री हात जोडून उभे होते. अणूतून वीज काढण्यासाठी त्यांनी राज्याच्या अणुशाळेत सव्वीस प्रयोग केले होते आणि सव्वीसही फसले होते. आता सत्ताविसाव्यासाठी ते अनुदान मागत होते.

"महाराज, कोणता प्रयोग चुकेल ते आधी कसं कळणार?"

"ते तुम्ही बघा! चुकणारे वगळा, जमणारा तेवढा करा. उद्या दुपारपर्यंत तसं लिहून द्या, नाहीतर अणुशाळेला कुलूप!"

ही बातमी राजवाड्याच्या भटारखान्यात आणली नरहरीने. तो अणुशाळेत यंत्रं पुसायचा. "कुलूप लागलं तर मला गलबतावर जावं लागेल," तो बायकोला म्हणाला. "आठ महिने."

लग्नाला दोनच महिने झाले होते. त्याची बायको आवडी तशी फारसं बोलत नसे. तिच्या सासूबाई मुख्य आचारीण होत्या आणि दोघींच्या वाटचं त्याच बोलत. आवडी नुसती चुलीवरच्या बिडाच्या तव्याकडे बघत राहिली.

सकाळी महाराज न्याहारीला बसले. चांदीचं ताट, नारळाचा रस, भोवती मानकरी. घावनाचा मात्र पत्ता नाही!

"अरे, घावन कुठंय?"

आवडी पदर सावरत दाराशी आली. "सरकार, पीठ तयार आहे, तवा तापलाय. पण कालचा हुकूम ऐकला आणि हात थांबला. पहिलं घावन रोज तव्याला चिकटतं. म्हणून आज पहिलं वगळून एकदम दुसरंच घालायचंय. ते कसं घालतात, तेवढं सांगा."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"त्यात काय अवघड आहे?" महाराज उठलेच. "सरक, मी दाखवतो!"

चुलीपुढे बसून त्यांनी ऐटीत पीठ ओतलं, झाकण ठेवलं, उलथनं घातलं. घावनाच्या चिंध्या झाल्या!

"महाराज, हे पहिलं झालं," आवडी हळूच म्हणाली.

"तवाच वाईट! दुसरा आणा!"

दुसरा तवा आला. त्यावरचंही चिकटलं.

"या तव्याचं हे पहिलं," आवडी म्हणाली.

महाराजांच्या मिशीला पीठ लागलं होतं. मानकरी छताची तुळई न्याहाळू लागले. महाराजांनी त्याच तव्यावर पुन्हा पीठ ओतलं. या वेळी घावन अलगद सुटलं; पांढरंशुभ्र, जाळीदार!

"बघ! जमलं की नाही?"

"जमलं सरकार. पण राज्याच्या तांदळाची दोन घावनं फसली. भटारखान्याला कुलूप कधी लावायचं?"

सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. महाराजांचे डोळे बारीक झाले.

"असं होय! शास्त्रीबुवांची वकिली चालली आहे तर! पण पोरी, तुझं एकच घावन बिघडतं. त्यांचे सव्वीस प्रयोग बिघडले, त्याचं काय?"

"सरकार, हा तवा माझ्या आजेसासूबाईंच्या आधीपासून तापतोय. पीठ किती पातळ, जाळ किती, झाकण कधी काढायचं, हे सगळं त्या बायकांनी आधीच बिघडवून ठेवलंय, म्हणून माझं एकावर भागतं. शास्त्रीबुवांच्या आधी अणूचा तवा या राज्यात तापवलाय कुणी?"

महाराजांनी चिंध्यांचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि पोट धरून हसू लागले.

"अरे, चवीला तर तेच आहे! रोज ही पहिली घावनं जातात कुठं?"

"मी खाते, सरकार. नवी सून आहे ना."

आता सासूबाई छताकडे बघू लागल्या.

"प्रधानजी!" महाराज हसू आवरत म्हणाले. "शास्त्रीबुवांना सत्ताविसाव्याचं अनुदान द्या, अठ्ठाविसाव्याचंही बाजूला काढून ठेवा. हिच्या नवऱ्याची नोकरी पक्की करा. आणि उद्यापासून पहिलं घावन आमच्या ताटात वाढा, दुसरं या सूनबाईच्या!"