पंचाऐंशी नावांची घंटा

घंटा ओतली, घासली, टांगली, पण वाजेना! आवाज यायचा, पण 'ठण्ण' नव्हे, 'ठप्प'. सव्वाशे किलोची घंटा आणि आवाज फुटक्या घागरीचा!

कारखान्याचे मालक उदाजीराव थोरवे चिडले. साताऱ्याजवळ त्यांच्या तीन पिढ्या घंटा ओतत आल्या होत्या. माणूस मनानं वाईट नव्हता, पण हट्टी असा की एकदा बोलला की संपलं.

आता उद्योगकट्टा नावाची एक साइट आहे. तिथं कारखानदार, इंजिनिअर, प्राध्यापक अशी मंडळी आपापल्या कामाबद्दल लिहितात आणि एकमेकांचं कौतुक करून दमतात. कमेंटमध्ये कुणाचं नाव जोडलं की त्याच्या फोनवर लगेच निरोप जातो, 'अमक्यानं तुमची आठवण काढली.' उदाजीरावांनी तिथं घंटेचा फोटो टाकला आणि खाली एका दमात पंचाऐंशी नावं जोडली. 'सर्व मान्यवरांनी लक्ष घालावे, ही नम्र विनंती!'

तीन दिवसांत चार उत्तरं आली. एक 'छान', एक जोडलेले हात, एक विमा एजंट, आणि चौथं मेव्हण्याचं, 'दाजी, घंटा भारी!'

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पुण्याचे डॉक्टर केसकर गप्पच. ओतकामाचं त्यांचं पुस्तक प्रत्येक कारखान्यात असायचं. ते कट्ट्यावर सगळं वाचत आणि उत्तर कुणालाच देत नसत.

इतक्यात द्वारकाबाई चहा घेऊन आली. कारखान्याला चहा पाजता पाजता तिला एकोणीस वर्षं झाली होती. कप ठेवता ठेवता तिनं कॉम्प्युटरकडं पाहिलं आणि तिला राहवलं नाही.

"मालक, ह्यातली दोन माणसं तर वारलीत की!"

"काय?"

"आन् हे डॉक्टर सावंत तर जनावरांचं डॉक्टर हायत!"

"फार कळतं तुला!" उदाजीराव कडाडले. "ते कोपऱ्यातलं खोकं दिसतंय? चहाचं मशीन आहे. एक तारखेपासून चालू. बटण दाबलं की चहा, आणि ते बोलत नाही!"

द्वारकाबाईचं घर त्या चहावरच चालत होतं. पण गप्प बसली तर ती द्वारकाबाई कसली!

"आन् म्या केसकर डॉक्टरांना बोलतं केलं तर?"

"तू?" उदाजीराव खुर्चीत मागं रेलले. "ठीक! उद्या दुपारच्या चहापर्यंत त्यांचं उत्तर आलं तर मशीन परत. पण कमेंट एकच! स्तुती करायची नाही, ती मी पानभर केली. विनवणी नाही, तीही झाली. प्रश्न विचारायचा नाही, मी अकरा विचारले! आणि फोन करायचा नाही!"

"बरं. पान नंबर बघून येते."

"कसलं पान?" पण ती केव्हाच बाहेर पडली होती.

भट्टीजवळ म्हादबा ओतारी बसला होता. कारखान्यातला सर्वांत जुना ओतणारा. त्याच्या फळीवर केसकरांचं ते पुस्तक, काजळीनं काळं झालेलं. गेली दहा वर्षं म्हादबाचं त्यातल्या एका पानाशी भांडण चालू होतं, आणि दुसऱ्या चहाच्या वेळी द्वारकाबाई ते रोज ऐकत होती. ही घंटा तर मालकांनी हट्टानं पुस्तकाबरहुकूम ओतायला लावली होती, त्यामुळं म्हादबा आणखीच पेटलेला.

"म्हादबा, ते पान कितवं ओ?"

"साठावं! झोपेत उठवून इचार!"

द्वारकाबाई परत आली आणि मालकांच्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करू लागली. नाव एकच जोडलं.

'केसकर सर, तुमच्या पुस्तकात पान साठवर लिहिलंय, साचा दोन दिवस वाळवा. आमचे म्हादबा ओतारी म्हणतात, चार दिवस. दोन दिवसांत साचा ओला राहतो, ओतताना वाफ धातूत शिरते आणि घंटेचा आवाज दबतो. ही घंटा दोन दिवसांची आहे. मी म्हादबांच्या बाजूनं. — द्वारका, चहावाली.'

"अगं, हे तर तू भांडण लावलंस!"

"तुम्हीच म्हणालात, स्तुती न्हाई, विनवणी न्हाई, प्रश्न न्हाई. मग उरलं काय? भांडणच की!"

उदाजीरावांनी कप उचलला. तो रिकामा व्हायच्या आत कॉम्प्युटर टिणकला!

'दोन दिवस मी पुण्याच्या मातीसाठी लिहिले होते. म्हादबांची माती मला बघितली पाहिजे. गुरुवारी येतो. चहा तुमच्याच हातचा घेईन. — केसकर.'

गुरुवारी डॉक्टर खरंच आले. माती चिमटीत चुरडली, वास घेतला, म्हादबाशी तासभर कचाकचा भांडले, तीन कप चहा प्याले, आणि जाताना खिशातलं पेन काढून त्या काळ्या पुस्तकात 'दोन'चं 'चार' केलं. म्हादबा ते पान दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला.

नवा साचा चार दिवस वाळला. घंटा ओतली, टांगली, टोला दिला. ठण्ण! कारखान्याबाहेरचे लोकसुद्धा थबकले.

"द्वारका," उदाजीराव म्हणाले, "मी पंचाऐंशी जणांना हाका मारल्या, एकानं धड ओ दिली नाही. तू एकाला हाक मारलीस आणि तो पुण्याहून धावत आला. हे शिकलीस कुठं?"

"लग्नात, मालक! उखाण्यात पंचाऐंशी नावं घेतं का कुणी? नाव एकाचंच घ्यायचं, पन असं, की त्यानं लाजून का हुईना, मान वर करून बघितलंच पायजे!"

उदाजीराव खदखदून हसले. "मशीन तर गेलंच! आणखी काय हवं, माग!"

"पुढच्या घंटेवर तुमच्या नावाखाली म्हादबाचं नाव ओता."

"एकट्या म्हादबाचंच कशाला? मी तर म्हणतो, कारखान्यातल्या सगळ्यांचीच नावं घालू!"

"नगं, मालक!" द्वारकाबाई घाईघाईनं म्हणाली. "पुन्यांदा ठप्प व्हायची!"

उदाजीराव इतके हसले की हातातला चहा सदऱ्यावर सांडला. द्वारकाबाईनं दुसरा आणून दिला, आणि मशीनचं खोकं न उघडताच टेम्पोत चढलं.