भिंतीकडे तोंड केलेले हंडे

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात नुकतीच नांदायला आलेली एक सून होती. ती बोलायची थोडं, बघायची फार. सासू शेजारणीला सांगायची, "सून गरीब आहे हो आमची, पण तिचे डोळे काही गरीब नाहीत."

एकदा गावच्या बाजारात परगावचा भांडेवाला उतरला. त्याचे तांब्याचे हंडे उन्हात असे लखलखत होते, की बायकांना आपापल्या घरातलं काही बघवेना. "जुनी मोड द्या, नवा हंडा न्या! वर नाव फुकट घालून देतो!" तो ओरडत होता. जुनं भांडं मोडीत द्यायचं आणि नवं घ्यायचं, अशी तिथली रीतच होती. महिनाभर तो बाजार करणार होता, मग सगळी मोड भट्टीत जाऊन वितळणार होती.

सुनेने माहेराहून एक हंडा आणला होता. काळपट, पोचे पडलेला, काठावर आईचं नाव: भागीरथी. सासू म्हणाली, "हे ध्यान किती दिवस सांभाळायचं? देऊन टाक." नवी सून काय बोलणार? तिने दिला.

नव्या हंड्यावर नाव घालून झालं तेव्हा मात्र तिने हळूच विचारलं, "दादा, हंडा अस्सल तांब्याचा ना?"

"म्हणजे काय! तुमची नातवंडं पाणी भरतील यात."

"आणि गंजला तर?"

"मोड परत! शब्द आहे माझा, वहिनी."

"मग तेवढं घाला ना, नावाखाली."

बायका खो खो हसल्या. "अगं, हंड्यावर नाव घालतात, पोथी नाही!" सासूने तिचा पदर ओढला. पण गर्दी बघून भांडेवाल्याला चेव चढला. "घालतो की! मी काय भितो?" टक टक टक टक करत त्याने टिंबाटिंबांनी कोरलं, 'माझे सगळे हंडे अस्सल तांब्याचे. गंजल्यास मोड परत.' शेवटी ऐटीत, प्रत्येक हंड्यावर ठोकायचा ती आपली माशाची खूणही ठोकली.

तिसऱ्या आठवड्यात सून हंडा चिंचेने घासत होती. घासता घासता तांबूस रंग चिंचेबरोबर निघून आला आणि गळ्याखाली गंजाचा डाग उघडा पडला. आत लोखंड होतं!

चैत्राची हळदीकुंकवं चालू होती, नवी सून म्हणून घरोघर बोलावणं होतं. तिने जाऊन फक्त बघितलं. पाटलिणीच्या घरी हंडा भिंतीकडे तोंड करून, नावाची बाजू आत. शिंपिणीच्या घरी तसाच. सोनारणीने तर हंड्याला परकर नेसवल्यासारखं फडकं गुंडाळलं होतं. घरी येऊन तिने सासूनेही भांडेवाल्याकडूनच घेतलेला हंडा बघितला. तोही भिंतीकडेच!

सगळ्या फसल्या होत्या आणि हसं होईल म्हणून डाग लपवून गप्प होत्या.

ती भांडेवाल्याकडे गेली. त्याने डाग बघितला, मग डागाखालची अक्षरं बघितली आणि आवाज एकदम मऊ केला. "चुकून एखादा निघतो, वहिनी. तुमची मोड गुपचूप घेऊन जा. हा हंडा इथेच ठेवा. बोभाटा कशाला?"

त्याने आईचा हंडा पुढे केला. सुनेचा हात आपोआप गेला. 'भागीरथी'वरून तिचं बोट फिरलं. मग तिला वाटलं, हा हंडा इथे राहिला, की अक्षरंही इथेच राहतील. बाकीच्यांच्या मोडीचं काय? परवा तर भट्टी पेटणार.

तिने हात मागे घेतला.

बाजाराचा महाजन चिंचेखाली बसून वजनामापाचे, खऱ्याखोट्याचे तंटे मिटवायचा. सून तिकडे निघाली. वाटेत कानाला बोरू लावलेला एक माणूस आडवा आला. "मी तुमच्या वतीने बोलतो. नाकातली नथ द्या. आमच्यासारख्यांशिवाय महाजनांना काही कळत नाही."

"का? ऐकू कमी येतं त्यांना?" सुनेने विचारलं आणि ती पुढे गेली.

ती महाजनासमोर उभी राहिली. तिने हंडा खाली ठेवला आणि झालं तेवढंच क्रमाने सांगितलं: कोणत्या बाजारी घेतला, मोड काय दिली, तो काय म्हणाला, डाग केव्हा दिसला. महाजनाने कोरलेलं मोठ्याने वाचलं.

भांडेवाला हसला. "हिनेच मीठ भरून ठेवलं असणार. माझे सगळे हंडे अस्सल. विचारा, आणखी कुणाची तक्रार आहे?"

पाटलीण जमिनीकडे बघू लागली.

सून बायकांकडे वळली. "कुणाच्या घरातलं मी सांगणार नाही. एवढंच विचारते, गावातले सगळे हंडे भिंतीकडे तोंड करून रुसलेत का?"

कुणीतरी फिसकन हसलं. आणि गर्दीतून सासूच पुढे आली. "माझा रुसलाय! आणते थांबा." मग शिंपीण निघाली, सोनारीण निघाली, पाटलीण तर धावतच गेली. घटकाभरात चिंचेखाली तेवीस हंडे उभे राहिले. सगळ्यांवरची नावं त्याच टिंबांची होती आणि खाली तोच मासा होता.

महाजनाने सुरीने एक हंडा खरवडला, तर आत लोखंडच. "तू 'सगळे' लिहिलंस, तर सगळे परत," तो भांडेवाल्याला म्हणाला. "आणि ज्याची जी मोड, तीच. या बाजारात पुन्हा दिसू नकोस."

संध्याकाळी भागीरथी घरी आली. काळपट, पोचे पडलेली. सासूने स्वतः ती चिंचेने घासली आणि ओसरीत ठेवली, नाव बाहेर करून.

"पण काय गं," ती म्हणाली, "ते कोरून घ्यायचं तुला सुचलं कसं?"

"तो फार मोठ्याने बोलत होता, म्हणून," सून म्हणाली.

तात्पर्य: विकणाऱ्याचा शब्द त्याच्याच हातून लिहून घ्यावा आणि जपून ठेवावा. फसलोच, तर लाजून गप्प बसू नये. खरं सांगायला तोंड भाड्याने आणावं लागत नाही.