गव्हर्नरसाहेबांची कुस्ती

कृष्णाकाठच्या एका कसब्यात सुभाना वस्तादांची तालीम होती. तिथे पोरं सरकारविरुद्ध तयार होतात, असं कोणीतरी गव्हर्नर पेंडल्टनसाहेबांच्या कानात घातलं. साहेब तालीम बंद करायला जातीने आले.

कुस्तीच्या हौद्याच्या कडेला खुर्ची मांडली. हुकमाआधी दुभाष्याने साहेबांची कारकीर्द वाचायला घेतली. साहेबांनी कोणत्या लढाया जिंकल्या, किती किल्ले घेतले, कोणते राजे नमवले, सगळं वाचून तो दमला. मग म्हणाला, "असे हे साहेब आज ही तालीम बंद करत आहेत."

वस्तादांचं वय सत्तर. त्यांनी शांतपणे सदरा उतरवला, लांग कसली आणि शड्डू ठोकला.

"हे काय?" साहेबांनी दुभाष्याकरवी विचारलं.

"हौद्याच्या कडेला कोणी आपले विजय सांगितले, की आमच्यात ते आव्हान असतं. मी ते घेतलं, सरकार. कपडे उतरवा. मला चीत केलंत तर तालीम बंद."

साठीच्या साहेबांनी तांबड्या मातीकडे पाहिलं. भोवती सगळा गाव जमला होता.

"आणि मला लढायचं नसेल तर?"

"मग पंच व्हा. तो मान पैलवानापेक्षा मोठा. पण पंच बसला की कुस्त्या चालू ठेवाव्या लागतात."

साहेब खो खो हसले. हुकूम खिशात घालून म्हणाले, "पहिली जोडी सोडा."

दिवस मावळेपर्यंत कुस्त्या झाल्या. खरं ते सांगायला हवं, साहेबांचा एकही निकाल चुकला नाही.